पोटातली गोष्ट

डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर चित्र काढलं :
हे तुमचं जठर. एवढं आम्ही काढणार.
हे उरेल, केळ्याएवढं.
मी विचारलं, साधं केळं की वेलची?
ते जन्माने डंडीचे. त्यांना वेलची माहीत नव्हती.

सात महिने झाले त्याला.
बेचाळीस किलो उतरलो.
अंगठी दोनदा बेसिनमध्ये पडली, आता कपाटात असते.
गुडघे गप्प आहेत.
परवा टे नदीवरचा पूल चालत पार केला
मधे कुठे कठड्याला न टेकता.
हे सगळं खरं आहे, मला त्याचा आनंदही आहे.
पण भरीत.

पोटातले कावळे उडाले,
ते येऊन बसलेत जिभेवर.
भूक असती तर तिची समजूत घातली असती.
हे रात्री अकराला येतं,
समुद्रावरचं धुकं खिडकीला लागलेलं असताना :
कपाशीच्या काड्यांवर फुटणारी वांग्याची साल,
लाकडी बडगीत मिरच्यांसकट ठेचतानाचा दबका आवाज,
कळण्याची पुरी, कांद्याची पात,
आणि केळीच्या पानावर कडेकडेने पसरणारं तेल
जे शेवटी बोटानंच पुसायचं असतं.

मोराग, आहारतज्ज्ञ, म्हणते,
घास नाण्याएवढा. वीस वेळा चावायचा.
जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही.
आणि आठवतं ते वहीत लिहीत जा.
मी लिहिलं. तिनं माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं,
मग विचारलं, यातलं नक्की काय हवंय तुला,
वांगं, तेल, की ती माणसं?
मी म्हटलं, पुरी.
दोघंही हसलो.
थोड्या वेळाने तिनं टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

शनिवारी पुलापलीकडे, न्यूपोर्टला, बऱ्हाट्यांकडे जेवण.
ऑपरेशनचं मंदाशिवाय कुणाला माहीत नव्हतं.
एवढ्याशा पोटात
एवढी मोठी गोष्ट ठेवून मी पाटावर,
म्हणजे त्यांच्या पांढऱ्या खुर्चीवर, बसलो.
कुमुदवहिनींनी ताट वाढलं
माझ्या जुन्या कीर्तीला शोभेलसं.
'किती वाळलात हो! मंदा जेवायला घालते ना?'
मंदा पापडाकडे बघत राहिली.

वांगी दुकानातली जांभळी, ओव्हनमध्ये भाजलेली,
धुराचा पत्ता नाही. तरी लसणीने घात केला.
पहिला घास वीस वेळा. दुसरा पंधरा.
तिसऱ्याला छातीच्या मधोमध
कुणीतरी आतून कडी लावली.

वहिनी दुसरी पुरी घेऊन आल्या,
मी ताटावर हात आडवा धरला.
असा हात मी जन्मभर धरत आलोय,
बोटांत जराशी फट ठेवून,
वाढणारीला दिसेल इतकीच.
या वेळी बोटं जुळलेली होती.

त्या थांबल्या. झाऱ्यातून तेलाचा थेंब पडला.
वहिनी, म्हटलं, पोट काढलंय माझं. बरंचसं.

कुणी काही बोललं नाही.
मग बऱ्हाट्यांनी घसा खाकरला,
'नंबर लागायला किती दिवस गेले रे?'
आणि शर्टाचं शेवटून दुसरं बटण चाचपलं.

वहिनी माझं ताट उचलून आत गेल्या.
रागावल्या असं मला वाटलं.
पण कढईचा आवाज आला,
आणि लोणच्याच्या वाटीत चमचाभर भरीत,
वर औषधाच्या बाटलीच्या झाकणाने कापलेली
एक पुरी, फुगलेली.
मी अर्धी खाल्ली.
उरलेली कुणी संपवली ते पाहिलं नाही.

परत येताना गाडी मंदानं चालवली.
पुलावर वारा होता, काच वर होती.
मी वाटभर उजवा हात नाकाशी धरून बसलो.
हात धुतले नव्हते मी.
मंदाला ते कळलं होतं; तिनं हीटर बंद केला.